गाठी शाबूत, पिशवी रिकामी

१

पिशवीच्या दोन्ही गाठी जशाच्या तशा होत्या. कुठे भोक नाही, चीर नाही, साधा ओरखडाही नाही. आत पाणी होतं, तट्ट भरलेलं. फक्त साखर नव्हती.

माझी बायको टेबलाशी उभी राहून ती पिशवी उजेडाकडे धरून बघत होती. आदल्या संध्याकाळी त्या पिशवीत दुधाळ, मोत्यासारखी झाक असलेलं द्रावण होतं. आता आतलं पाणी इतकं नितळ झालं होतं की पलीकडे उभे असलेले प्रोटीनवाले, म्हणजे शेजारच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, त्यातून स्वच्छ दिसत होते. ते दिसू नयेत अशी माझी फार जुनी इच्छा आहे.

"गेली," बायको म्हणाली.

ही साखर चहात घालायची नव्हे. एक विशिष्ट गोगलगाय आपल्या अंड्यांत पिल्लांसाठी शिदोरी म्हणून जी साखर भरून ठेवते, ती ही. साध्या साखरेचे हजारो कण एकमेकांना जोडलेले, फांदीला फांदी, तिला आणखी फांदी, असं एक झाडच. त्या फांद्या नेमक्या कुठे फुटतात, या एका प्रश्नावर माझ्या बायकोनं आपली अख्खी नोकरी घालवली आणि मी माझा संसार. इतर नवऱ्यांना शेजाऱ्याचा मत्सर वाटतो, साडूचा वाटतो. मला गोगलगायीचा वाटत आला.

महिनाअखेर बायको निवृत्त होणार होती. तिची खोली आणि आजवर गोळा केलेली सगळी साखर याच प्रोटीनवाल्यांना द्यायची, असा संस्थेच्या डायरेक्टरांचा हुकूम होता. देण्याआधी साखरेची शेवटची धुलाई चालली होती. त्यासाठी ती एका पारदर्शक नळीच्या पिशवीत भरून, दोन्ही टोकांना गाठी मारून, पाण्याच्या मोठ्या बरणीत लोंबकळत ठेवतात. पिशवीला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. बारीकसारीक मीठ-मळ त्यांतून बाहेर पाण्यात जातो. अवाढव्य साखर आतच राहते. राहायला हवी.

प्रोटीनवाले इस्त्रीचा शर्ट घालून, बर्फाचा डबा घेऊन साखर न्यायला आले होते. डबा तसाच हातात राहिला.

"पोलिसांना बोलवू या," डायरेक्टर म्हणाले.

"नको," बायको म्हणाली.

"बरं, मग काल संध्याकाळी शेवटी या खोलीत कोण होतं?"

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरली म्हणजे बायकोची सर्वांत जुनी विद्यार्थिनी. शिकून झालं, डॉक्टरेट मिळाली, तरी बाईंना सोडून गेली नाही. तिनं एप्रनला हात पुसले आणि बोट माझ्याकडे केलं.

"सर होते. मॅडमची शाल घेऊन आले होते. मी निघाले तेव्हा आत एकटेच होते."

२

मी ताईला फोन केला.

ताई माझी मोठी बहीण. विमा कंपनीत नुकसानीची चौकशी करण्यात तिची हयात गेली. गोदाम जळालं म्हणून रडत येणाऱ्याच्या मेहुण्याच्या घरून 'जळालेला' माल हुडकून काढावा तर तिनंच. निवृत्त झाल्यापासून हा सगळा संशय तिनं नातेवाईकांवर वळवला आहे.

ती आली ती प्रयोगशाळेच्या दारातूनच सुरू झाली. "काय शास्त्रीणबाई! घरात चमचा सापडला नाही तर माझ्या भावाला फाडून खाता, आणि तुमच्या नाकाखालून साखर गेली?"

"या वन्सं," बायको म्हणाली. "चहा घेणार?"

"बिनसाखरेचाच असेल आता."

नणंद-भावजयीचं हे असं प्रेम आहे. आमच्याकडे कुणी पाहुणा आला की आई सुनेचं कौतुक सांगायची आणि ताई तोवर स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच लावायची.

सुरुवात तिनं माझ्यापासून केली. "बाब्या, तू केलंस का?"

"ताई!"

"तुला त्या साखरेचा राग आहे. सगळ्या खानदानाला माहीत आहे."

"राग नाही, मत्सर. राग आला असता तर बोललो असतो. मी शाल खुर्चीवर ठेवली आणि निघालो. पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही."

"खोटं."

"बघितलं. जीभ काढून दाखवली. बस, एवढंच."

"आणखी काय काय सोसतोयस? सांग एकदाचं."

मला कुणी असं प्रेमानं विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. सहलीला गेलो तरी ही ओल्या भिंतीखाली वाकून अंडी शोधायची ते. आणि अलीकडे तर न्हाणीघरात टोपल्यात ओली माती घालून गोगलगायींची पिल्लं पाळली होती तेही. मोहरीएवढी, शेकड्यांनी. मी अंघोळ करायचो आणि ती भिंतीवर चढून बघत बसायची. गेल्या आठवड्यात टोपलं रिकामं दिसलं. विचारलं तर म्हणाली, सोडून दिली.

ताई ऐकत होती, पण तिची नजर बरणीत होती. "शास्त्रीणबाई, ही दुसरी कसली?"

बरणीच्या कडेला, पुन्हा आत सोडलेल्या मोठ्या पिशवीच्या आड, बोटाएवढी एक इवलीशी पिशवी लोंबकळत होती. तिलाही दोन गाठी. आणि तिच्यातलं पाणी दुधाळ होतं, मोत्यासारखी झाक असलेलं.

चोरानं चिमूटभर साखर मागे ठेवली होती.

३

प्रोटीनवाले बायकोचे कॉलेजातले सोबती. माझ्या बायकोला 'अगं' म्हणणारे जगात दोनच पुरुष आहेत आणि त्यांतला दुसरा मला खपत नाही. त्यांच्या खोलीत भिंतभर फोटो होते. प्रत्येकात ते कुणाकडून तरी काहीतरी घेत होते.

"मला ती मिळणारच होती," ते म्हणाले. "आपलीच वस्तू मी चोरू कशाला?"

"बरोबर," ताई म्हणाली. "पण तुम्ही एकदा छापून सांगितलं होतं म्हणे, की त्या साखरेला बाई म्हणतात तशा फांद्याच नाहीत. बाईंच्या नमुन्यात कचरा आहे."

"कचरा नव्हे. अशुद्धता."

"साखर हातात आली की तपासावी लागली असती. आणि फांद्या निघाल्या असत्या, तर?"

"मी मान्य केलं असतं."

"कसं?"

"हळूहळू," प्रोटीनवाले म्हणाले.

ताईनं एक फोटो सरळ केला. "बाईंचं आणि तुमचं बिनसलं कशावरून?"

"काही बिनसलं नाही हो. स्वभाव. ती कुठलीही गोष्ट जोडीशिवाय मानत नाही. एका नळीत औषध घातलं की शेजारी दुसरी ठेवायची, तशीच्या तशी, पण औषध न घातलेली. त्याला कंट्रोल म्हणतात. फरक पडला तो औषधामुळेच, हे कळावं म्हणून. मी म्हणायचो, अगं, आयुष्य एकदाच मिळतं! मला आतून कळतं बरोबर काय ते."

'अगं' ऐकून मी खुर्ची सरकवली. ती उगाचच मोठ्यानं वाजली.

"तुमच्याकडे साखर कापणारी एन्झाइमं आहेत ना? फ्रिजभर?"

"आहेत. ती सगळी नेऊन तिनं पाहिली. एकही लागू पडलं नाही. जगात कुणालाच सापडलेलं नाही ते. फांद्या कुठे फुटतात हे कळायला आधी त्या जागच्या जागी छाटता यायला हव्यात. ज्याला छाटता आल्या..." ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून जन्मालाही न आलेल्या माणसाबद्दलचा हेवा पसरला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "यानंच केलं. पकड त्याला."

"का?"

"मला आतून कळतं," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

४

थोरली काचेची भांडी धूत होती. डोळे लाल होते.

"खोली तुम्हाला मिळेल वाटलं होतं ना?" ताईनं विचारलं.

"मला काय मिळायचं, मावशी! थोरल्या मुलीनं घर आवरायचं आणि वाटणीच्या वेळी चहा करायला जायचं." तिनं एक नळी अशी घासली की मला तिच्याऐवजी दुखलं. "पण मी हात लावलेला नाही. त्या साखरेची अंडी मी वेचलीत. माझी कंबर गेली त्यात."

"ही बरणी रोज कुठे असते?"

"थंड खोलीत. पण काल मॅडम म्हणाल्या, टेबलावरच असू दे."

"थंड खोलीत जागा नव्हती?"

"होती की. माझी प्यायच्या पाण्याची बाटली असते तिथे, इतकी जागा."

"गाठी कोण मारतं?"

"मॅडम. दुसऱ्याच्या गाठीवर त्यांचा विश्वास नाही."

"बरं, पिशवीतून मळ बाहेरच्या पाण्यात येतो म्हणता. ते पाणी?"

"सकाळी आल्या आल्या मी मोरीत ओतते आणि नवं..." थोरली थांबली. "आज नाही ओतलं. बरणीवर चिकटपट्टी होती. 'फेकू नये' लिहिलेलं."

"अक्षर कुणाचं?"

थोरलीनं हात पुसले. तिनं बरणीतलं बाहेरचं पाणी थोडं नळीत घेतलं, त्यात दोन जळजळीत वासाची रसायनं घातली आणि नळी हलवली. साखर असली की रंग येतो, नसली की पाणी तसंच राहतं, एवढं मला इतक्या वर्षांत ऐकून ऐकून ठाऊक होतं. शेजारी तिनं साध्या पाण्याची दुसरी नळीही ठेवली. बाईंची शिस्त.

साधी नळी तशीच राहिली. पहिली नारिंगी झाली. पिकलेल्या संत्र्यासारखी.

"अगंबाई," थोरली खुर्चीत बसली. "साखर गेलीच नाहीये. इथेच आहे. सगळी."

"पण गाठी न सोडता बाहेर कशी आली?" मी विचारलं.

"चुरा होऊन. आख्खं झाड दारातून जात नाही, सर. काटक्या जातात. कुणीतरी आतच तिच्या काटक्या केल्या आणि त्या भोकांतून आपोआप बाहेर पडल्या." मग तिनं नळी पुन्हा उजेडाकडे धरली. "पण हे शक्य नाही. हिला कापणारं काही या जगात नाही!"

५

ताई आमच्या घरी हातपाय धुवायला न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी दार वाजवलं. ती रिकाम्या टोपल्यापुढे पाटावर बसली होती.

"बाब्या, ही पिल्लं अंड्यात असताना काय खातात?"

"तीच साखर. आईनं ठेवलेली."

"पचते?"

"न पचायला काय झालं? टुणटुणीत होती. माझ्याकडे बघून..."

"ते सांगितलंस तू." ताई उठली. "चोर कळला."

मला वाटलं, ती पिल्लांवर संशय घेते आहे. वयाचा परिणाम म्हणून मी गप्प राहिलो.

"उद्या सगळ्यांना बाईंच्या खोलीत चहाला बोलाव."

"त्यात चोर असेल?"

"असेल."

"मग नाव सांग ना!"

"नाव घेऊन काय उपयोग? नाही म्हणेल, आणि माझ्याकडे पुरावा नाही. गोगलगायीचं पिल्लू साक्षीला उभं करू?" तिनं पाय पुसले. "आयुष्यभर एक पाहिलंय मी. माणूस गुन्हा लपवतो. पण आपलं श्रेय दुसऱ्याच्या ताटात पडताना बघायची वेळ आली ना, भल्याभल्यांना गप्प बसवत नाही."

आतल्या खोलीत बायको शांत झोपली होती. मला मात्र झोप लागेना. ती चारचौघींसारखी हळवी आहे. काचेची एक नळी फुटली तेव्हा दिवसभर रडली होती. आयुष्याची साखर गेली आणि डोळ्यांत टिपूस नाही.

६

चहा झाला. डायरेक्टर घड्याळ बघत होते. ताई टेबलाच्या टोकाशी बसली.

"चोरी झालेली नाही," ती म्हणाली, आणि थोरलीकडून नारिंगी नळी सगळ्यांना दाखवली. "साखर आतल्या आत कापली गेली. पिशवीच्या भोकांतून एन्झाइम आत शिरू शकत नाही, ते फार मोठं असतं, असं ही थोरली सांगते. म्हणजे गाठ मारण्याआधीच ते आत घातलेलं होतं. आणि बरणी टेबलावर ठेवली, कारण थंडीत ते सुस्त पडलं असतं."

"कुठलं एन्झाइम?" डायरेक्टर म्हणाले. "असं एन्झाइमच नाही."

"काल नव्हतं. आज आहे. ज्यानं साखर मोडली त्यानं ते शोधलंय."

डायरेक्टरांनी घड्याळावर बाही ओढली. "म्हणजे... हा तर शोध आहे. मोठा शोध. आपल्या संस्थेतला!"

"हो. आता शिक्षा करायची की सत्कार, ते तुमचं तुम्ही बघा. एन्झाइमांचा फ्रिज कुणाकडे आहे, हे सगळ्यांना माहीतच आहे."

सगळ्यांनी प्रोटीनवाल्यांकडे पाहिलं.

"मी?" ते उसळले. "मी असलं काही..." मग त्यांना 'मोठा शोध' ऐकू आला असावा. राग अर्ध्यावर थांबला. त्यांनी केसांवरून हात फिरवला. "म्हणजे, तसं पाहिलं तर... मध्यंतरी मी एकदोन गोष्टी करून पाहत होतो. माझ्या लोकांच्या हातून एखादा थेंब... अनवधानानं..."

"अनवधानानं लागलेले शोध मोठेच असतात," डायरेक्टर म्हणाले आणि त्यांनी पेन काढलं.

खरं सांगतो, वातावरणच असं होतं की क्षणभर मलाही वाटलं, शाल ठेवताना आपणच काहीतरी केलं असेल.

"मग तुमचंच नाव घालू?" ताईनं विचारलं. "पहिलं?"

"संस्थेच्या हितासाठी मी नाही म्हणणार नाही," प्रोटीनवाले म्हणाले.

बायकोच्या हातातली बशी टेबलावर आदळली.

"यानं? यानं शोधलं? अहो, याला गोगलगायीचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते सांगता यायचं नाही! हा कंट्रोलच्या जागी आत्मविश्वास वापरतो! शेजारी छोटी पिशवी लावलीये, दिसत नाही? तीच साखर, तेच एन्झाइम, पण उकळून मारलेलं! ती तशीच्या तशी राहिली म्हणून तर मोठीतला निकाल खरा! हे याला सुचलं असतं? याला? शेकडो पिल्लं वाढवली मी, आमच्या न्हाणीघरात! यांच्या शिव्या खाल्ल्या! एकेका पिल्लाच्या पोटातून थेंब थेंब एन्झाइम काढलं..."

आणि ती थांबली.

डायरेक्टरांचं पेन अजून हवेत होतं.

"गोदामाला आपल्या हातानं आग लावणारा मालक," ताई हळूच म्हणाली, "लावायच्या आधी घरातले फोटो बाहेर काढून ठेवतो. ती छोटी पिशवी पाहिली तेव्हाच मला वास आला. शत्रूनं सगळंच जाळलं असतं. आणि चोरी करून तिचं मोजमाप ठेवणारं माणूस, शास्त्रीणबाई, आमच्या खानदानात एकच आहे."

बायकोनं पदरानं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"पोटच्या मुलीसारखी जपली मी तिला," ती म्हणाली. "सगळे डीएनए आणि प्रोटीनच्या मागे पळाले तेव्हा मी साखर घेऊन बसले. लोक हसले. हा तर छापून हसला. आणि शेवटी ती जायची कुठे, तर याच्या फ्रिजात? वर इस्त्रीचा शर्ट घालून न्यायला आला! म्हटलं, याच्या हाती लागण्यापेक्षा मीच मोडते. पण मोडायची तर बघून मोडेन. इतकी वर्षं जपून ठेवली म्हणूनच ती आतून कशी आहे ते कळत नव्हतं." तिनं बरणीकडे हात केला. "त्यातल्या काटक्या मोजा. कुठल्या लांबीच्या निघतात बघा. मग सांगा फांद्या आहेत की नाहीत."

७

काटक्या थोरलीनं मोजल्या. प्रोटीनवाल्यांनी आलेखाचा कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, चष्मा काढून पाहिला. हळूहळू मान्य करीन म्हणाले होते. मला वाटलं, ते पाऊण तास घेतील. त्यांनी मिनिटभरही घेतलं नाही.

"अगं," ते म्हणाले, "तुझं बरोबर होतं."

माझ्या बायकोचा चेहरा त्या वाक्यावर जसा उजळला तसा तो माझ्या कुठल्याही वाक्यावर उजळलेला मी पाहिलेला नाही. आणि मी काही कमी वाक्यं बोललेलो नाही.

डायरेक्टरांनी शिक्षा आणि सत्कार एकाच कागदावर बसवले. संस्थेची साखर मोडली म्हणून ती सगळी पुन्हा जमवून द्यायची, अंड्यापासून. शोध लावला म्हणून निवृत्तीनंतरही येऊन काम करायची मुभा. खोली थोरलीला. बायकोनं बसायचं प्रोटीनवाल्यांच्या प्रयोगशाळेत, आणि पेपरवर दोघांची नावं शेजारी-शेजारी.

"मान्य नसेल तर सांगा," डायरेक्टर म्हणाले.

बायकोनं प्रोटीनवाल्यांकडे पाहिलं. ते बर्फाचा डबा पोटाशी धरून उभे होते.

"नाव माझं पहिलं," ती म्हणाली.

"तुझंच पहिलं," ते म्हणाले.

मी ताईकडे पाहिलं. ताई थोरलीच्या हातचा दुसरा चहा पीत होती. तिच्या भावजयीनं अख्ख्या संस्थेला गुंडाळलं होतं, आणि तिला पकडलं होतं नणंदेनं. एवढं समाधान तिला जन्मात मिळालं नव्हतं. मी त्यात बोट घालण्यात अर्थ नव्हता.

आता बायको रोज तिकडे जाते. संध्याकाळी येते ती हसत येते. "आज तो काय म्हणाला माहितीये?" इथून जेवण सुरू होतं. गोगलगायीचं बरं होतं. ती काही म्हणत नसे.

आठवडाभर सोसलं. मग सोमवारी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि डायरेक्टरांपुढे जाऊन उभा राहिलो. अंडी वेचायला अनुभवी माणूस लागेल, म्हटलं. पगार नको. फक्त बसायची जागा मी सांगेन ती हवी.

त्या लांब टेबलापाशी एका बाजूला बायको बसते, दुसऱ्या बाजूला प्रोटीनवाले. मधे मी आहे. खुर्ची जरा रुंद मागून घेतली आहे.

काल त्यांनी माझ्या डोक्यावरून तिला 'अगं' म्हटलं.

"काय?" मी म्हणालो.

"तुम्हाला नाही हो."

"असू दे," मी म्हणालो, "मला सांगा. मी पोचवतो."

बायको सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलत होते. आणि या वेळी ती हसत होती ती माझ्या वाक्याला.